चोर्ला घाटात टर्बो पिकअप मरते: खरंच टर्बो बदलायचा का?

सत्तरीचा साउंडवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डबल कॅब पिकअप आहे. २.२ लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पार्ट), टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे सगळी ताकद मागच्या चाकांना. २०१३ चं मॉडेल, फोंड्याला सेकंड हँड घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की प्रश्न राहतो बाजूला आणि कुठली कंपनी भारी यावरच भांडण पेटतं.

माझा धंदा साउंड-लाइटचा. जत्रा, काला, उत्सवी नाटकं. मागे स्पीकरचे खोके, लाइटचे स्टँड, छोटा जनरेटर, वर ताडपत्री. हे सगळं एखाद्या टेम्पोतही गेलं असतं, पण खरं सांगू? ही गाडी मी पळते म्हणून घेतली. प्रयोग संपवून रात्री दोनला रिकाम्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की जो झटका बसतो, त्याचे पैसे मोजलेत मी.

आता दुखणं. बेळगावकडे माल घेऊन जाताना केरी सोडली, चोर्ला चढायला लागलो की तिसऱ्या गिअरला, दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बोची शिट्टी वाढते, मग तिच्यात हुस्स असा आवाज मिसळतो, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीतला जीवच जातो. पाय पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते. मागून येणारा पोरगा सांगतो, गाडी काळा धूर सोडतेय. बाजूला घेऊन चावी बंद करून परत मारली की थोडा वेळ ठीक. सपाटीला, रिकामी असताना काही म्हणजे काही नाही.

एका गॅरेजात दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाला, टर्बो गेला, सत्तर हजार, जुना टर्बो आमच्याकडे जमा. ना मशीन लावलं, ना एक पाइप खोलला. सत्तर हजार म्हणजे माझा अख्खा चवथीचा सीझन. काय करू?

आणि जाता जाता दुसरं. पावसात रिकामी गाडी वळणावर मागून सरकते. टायर बदलायचे की अजून काही?

म्हापशेकर

टर्बो बदलतोच आहेस तर सोबत रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवणं, करून घे भावा. माझ्या मित्राने केला, गाडी रॉकेट झालीय. ईजीआर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, तो पण बंद करून टाक, धुराची कटकटच नको.

साखळीचा फिटर

म्हापशेकर बाब, थांब जरा. ज्याच्या पायाला काय झालंय ते माहीत नाही त्याला धावायला सांगू नये. रिमॅपचं मागाहून बोलू.

साउंडवाल्या, सत्तर हजार खिशातच ठेव. मी साखळीचा. खाणी चालू होत्या तेव्हा टिपरांची इंजिनं खोलत होतो. खाणीवरून जेटीवर माल टाकणारे टिपर, दिवसभर तांबडी धूळ खाऊन पळायचे, टर्बोंची काय अवस्था होते ते मी हातात धरून बघितलंय. २०१२ ला खाणी बंद पडल्या, टिपर लोकांच्या दारात उभे राहून गंजले, मग मी पिकअप, रेंटच्या गाड्या, मिळेल ते करायला लागलो. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तीच बघतोय. ताकद गेली की लोक टर्बोचं नाव घेतात, कारण तो एकच पार्ट त्यांना नावाने ठाऊक असतो, आणि गॅरेजवाल्यालाही तोच विकायला परवडतो.

तुझा टर्बो मेला असता तर त्याने रिकाम्या गाडीलाही त्रास दिला असता. मेलेल्या टर्बोच्या खुणा वेगळ्या. सायलेन्सरमधून निळा धूर, इंजिन ऑइल भराभर कमी होणं, सायरनसारखी किंचाळी. तू सांगतोस काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी. म्हणजे प्रश्न असा आहे की टर्बो हवा बनवत नाही, की बनवलेली हवा इंजिनपर्यंत पोचत नाही? शिट्टीत हुस्स मिसळतंय म्हणतोस, त्यावरून माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतंय. पण मत कशाला, मोजून बघ.

आधी स्कॅनर. ईएलएम३२७ नावाचं छोटं ब्लूटूथचं डबडं मिळतं, मोबाइलवरच्या ॲपला जोडता येतं, फार महाग नाही. दिवा लागलेला असतानाच गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाच, चावी बंद-चालू करून नाही. मला दोनच कोडांत रस आहे. पी०२९९ आला तर दाब कमी पडतोय. पी०२३४ आला तर उलट, दाब जास्त होतोय आणि इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कापली आहे. गाडी चालवणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी.

त्याच ॲपमध्ये इनटेकचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दिसतो. चावी ऑन, इंजिन बंद असताना आपल्याकडे सुमारे १०० किलोपास्कल दिसला पाहिजे, ती बाहेरची हवा. वर चोर्ल्याला थोडा कमी दिसेल, घाबरू नको. चढणीला पूर्ण पाय दिल्यावर तो दोनशेच्या वर जायला हवा. दीडशेच्या आसपास घुटमळला तर हवा कुठेतरी बाहेर चालली आहे किंवा टर्बोतली पाती नीट हलत नाहीत. आकडा बघायला बाजूला कोणाला तरी बसव, तू रस्ता बघ.

आता त्या पात्यांचं. तुझ्या २.२ मध्ये व्हेरिएबल टर्बो असणार. एक्झॉस्टच्या बाजूला चाकाभोवती बारीक पाती असतात, ती उघडझाप करतात. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं कमी आरपीएमला पाती मिटतात, धूर चिंचोळ्या वाटेने जोरात चाकावर आदळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. आरपीएम वाढला की पाती उघडतात. त्या पात्यांना हलवणारी एक सळई टर्बोच्या अंगावर असते, आणि तिला ओढणारा पत्र्याचा डबा. त्या वर्षांच्या बऱ्याच गाड्यांत तो डबा व्हॅक्यूमवर चालतो, बोटापेक्षा बारीक रबरी नळीने.

तर असं कर. इंजिन थंड असताना बॉनेट उघड, मित्राला स्टार्टर मारायला सांग आणि तू सळईवर नजर ठेव. स्टार्ट झाल्यावर ती सरकन आत ओढली गेली पाहिजे, बंद केल्यावर परत बाहेर. अर्ध्यात अडकली, झटके देत गेली तर आत काजळी साचलीय. अजिबात हललीच नाही तर आधी ती बारीक नळी तपास. तुझी गाडी कुळागराच्या, माडा-पोफळीच्या बागेच्या आसपास उभी असते का? उंदरांना ती नळी फार आवडते. पावसात इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि कुरतडतात. मी शंभर रुपयांच्या नळीसाठी टर्बो उतरवायला निघालेल्या गाड्या बघितल्यात.

सळईच्या टोकाला एक स्क्रू आणि नट दिसेल. त्याला हात लावायचा नाही. कोणी कितीही म्हटलं, एक आटा फिरवून बघू, तरी नाही.

त्यानंतर हवेची वाट. टर्बोतून निघालेली हवा गरम असते, ती जाड रबरी पाइपाने पुढे इंटरकूलरला जाते, थंड होते, दुसऱ्या पाइपाने इंजिनात येते. हे पाइप खालच्या बाजूने बघ, वरून सगळे चांगलेच दिसतात. जिथे तेलाचा ओला डाग आणि त्यावर तांबडी धूळ चिकटलेली, तिथून हवा निसटते. आत थोडं तेल असतंच, ते इंजिनाच्या श्वासाबरोबर येतं, त्यासाठी कोणी टर्बो बदलायला सांगितला तर चहा पिऊन परत ये.

एवढं करून इथे लिही. टर्बो खोलायचा की नाही ते मग.

सत्तरीचा साउंडवाला

काका, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. गाडी घराकडे माडाखाली असते, उंदीर भरपूर. स्कॅनर मागवतोय. तोवर एकच: टर्बोचं चाक हाताने हलवून बघायचं असतं असं ऐकलं, ते करू का?

साखळीचा फिटर

कर, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढ, आत ॲल्युमिनियमचं चाक दिसेल. बोटाने बाजूला हलव. किंचित हलणारच, तो चालतो तेव्हा ऑइलच्या थरावर तरंगतो, मिनिटाला लाखावर फेरे असतात. पण पुढे-मागे, म्हणजे दांड्याच्या दिशेने खुळखुळता कामा नये. आणि चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर मात्र वाईट बातमी. पाइप परत लावताना आत फडक्याचा तुकडा, नट काही राहिलं नाही ना ते दोनदा बघ.

मेलबर्नचा फोंडेकर

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळ फोंड्याचा, आता मेलबर्नला. माझ्याकडे फोर्ड फाल्कनची यूट आहे, एफजी सिरीज, एक्सआर६ टर्बो. पुढून सरळ मोटारगाडी, मागे लांब ट्रे. चार लिटर पेट्रोल, सहा सिलिंडर एका रांगेत, टर्बो, २७० किलोवॅट आणि ५३३ न्यूटन मीटर. हे सगळं फक्त मागच्या दोन चाकांना, आणि मागे लीफ स्प्रिंग, तुझ्या पिकअपला असतात तसेच पाटे. ट्रे रिकामा असेल आणि रस्ता ओला असेल तर गाडी काय करेल ते तुला वेगळं सांगायला नको.

इथे या प्रकाराचं मूळ शेतकऱ्यांत आहे. गिप्सलँडच्या एका शेतकरणीने फोर्डला पत्र लिहिलं होतं म्हणतात, की रविवारी चर्चला भिजल्याशिवाय जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट नावाच्या तरुण डिझायनरने मग १९३४ ला तशी गाडी काढली. आमच्या फोंड्यात ही मागणी कोणाही बाईने केली असती. फाल्कनचं उत्पादन इथे २०१६ ला थांबलं, यूट जुलैत आणि बाकीची ७ ऑक्टोबरला. त्यामुळे आता पार्ट म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचं यार्ड आणि ओळखीपाळखी.

मुद्द्यावर येतो. माझं पेट्रोल, तुझं डिझेल. माझ्या टर्बोत हलणारी पाती नाहीत, जास्तीचा दाब सोडायला साधं वेस्टगेट आहे. पण ताकद गेली की इथले जुने लोकही आधी पाइप आणि क्लँपच बघतात, फिटरकाकांशी शब्दनशब्द सहमत. दुसरं म्हणजे ऑइल. या इंजिनात टर्बोला तेल नेणाऱ्या वाटेवर बारीक जाळी असते. तेल वेळेवर बदललं नाही, जाळी चोंदली की टर्बो कोरडा फिरतो. म्हणून टर्बो बदलणारा शहाणा माणूस ती वाटही बदलतो, नाहीतर नवाही त्याच रोगाने जातो. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या जुन्या गाडीत कूलर आतून फुटला की कूलंट गिअरच्या तेलात मिसळून गुलाबी दुधासारखं होतं. त्यामुळे बरेच मालक तेलासाठी वेगळा, हवेवर चालणारा कूलर बसवून घेतात. तुझी मॅन्युअल असेल, तू सुटलास.

म्हापशेकर

फोंडेकर, ती यूट गोव्यात आणता येईल का? स्टिअरिंग तर उजवीकडेच असतं तिथे.

मेलबर्नचा फोंडेकर

स्टिअरिंग उजवीकडेच, पण जुनी गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. शेवटचीच २०१६ ची. सोड तो नाद.

साखळीचा फिटर

आता रिमॅप, राहिलं होतं. इंजिन तंदुरुस्त असेल तर कॉम्प्युटरमध्ये आकडे वाढवून ताकद वाढते, नाही कोण म्हणतो? पण ती वाढलेली ताकद क्लचला पेलावी लागते, एक्झॉस्टचं तापमान वाढतं ते टर्बोला पेलावं लागतं. हा माणूस पाऊण टन सामान घेऊन घाट चढतो. रिकाम्या गाडीने पर्वरीच्या पुलावर शर्यत लावणाऱ्याचं गणित याला लावू नको. आणि ईजीआर बंद करणं, सायलेन्सर पोकळ करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आरटीओने पासिंगला अडवलं तर तुझा मित्र येणार नाही.

साउंडवाल्या, आता मागून सरकण्याचं. पिकअपचे पाटे मालासाठी बनवलेले असतात. रिकामी असली की ते ताठ राहतात, मागचं चाक खड्ड्यावर उडतं, आणि वजन पुढे इंजिनावर. अशात तू वळणात ॲक्सिलरेटर देतोस, अठराशे-दोन हजारला टर्बो एकदम जागा होतो आणि तेवढी ताकद हलक्या चाकांवर येते. दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियल साधं असलं की ज्या चाकाला पकड नाही तेच फिरतं. म्हणून पावसात रिकामी गाडी एक गिअर वर ठेवून, हलक्या पायाने वळव. उतारावर गिअर वळणाच्या आधी टाक, वळणात धाडकन दुसरा टाकलास तर इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि शेपूट निघते.

वजन टाकायचं तर वाळूची पोती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, पट्ट्याने बांधून. टेलगेटला टेकवून नाही, त्याने पुढची चाकं हलकी होतात. तुझ्याकडे केबलची भरलेली पेटी असेल तर तीच ठेव की, वाळू कशाला. टायरमध्ये हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे, रिकाम्याची वेगळी आणि भरलेल्याची वेगळी दिलेली असते. बहुतेक लोक भरलेल्याची हवा बारमास ठेवतात. आणि टायरच्या अंगावर चार आकडे बघ. ३५१६ असेल तर २०१६ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर दगड झालेलं असतं.

सत्तरीचा साउंडवाला

मंडळी, निकाल लागला. माल भरून केरीहून वर गेलो, शेजारी मेहुणा मोबाइल घेऊन. दिवा लागला, कोड पी०२९९. दाब १४० च्या वर जाईना. सळई बघितली, छान आत-बाहेर होते. व्हॅक्यूमची नळी शाबूत, उंदरांनी बॉनेटच्या आतलं कापड तेवढं खाल्लंय.

मग घरी पाइपाची तपासणी. वरून काही दिसेना. मेहुण्याने टर्बोच्या अलीकडचा पाइप काढून तिथे पीव्हीसीचं टोपण बसवलं, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला आणि सायकलच्या पंपाने हवा भरली, फार नाही, एक बारच्या आतच. मी साबणाचं पाणी मारत खाली झोपलो. इंटरकूलरच्या खालच्या पाइपावर, जिथे तो एका पत्र्याच्या ब्रॅकेटला घासतो, तिथे फेस उसळायला लागला. पंप थांबवला, बोट फिरवलं तर काप मिटलेला, शोधूनही सापडत नाही. पंप मारला की उघडतो. म्हणूनच रिकाम्या गाडीला त्रास नव्हता, तेवढा दाबच होत नव्हता.

नवा पाइप अडीच हजारांत मिळाला. टर्बोचं चाकही बघितलं, पुढे-मागे अजिबात खुळखुळ नाही. बसवून पुन्हा चोर्ला, तेवढंच सामान, आकडा २३० पर्यंत गेला. दिवा नाही. वरच्या हॉटेलात मेहुण्याला भजी द्यावी लागली. टायर बघितले, मागचे दोन २०१५ चे निघाले, ते बदलणार.

काका, अजून पूर्वीसारखी बारीक शिट्टी येते, ती चालेल ना? आणि अजून काय बघू?

साखळीचा फिटर

शिट्टी टर्बोचीच, ती येणारच. हुस्स येत नाही ना, मग झालं.

त्या ब्रॅकेटचा काठ कानसीने गुळगुळीत कर आणि पाइप घासणार नाही असा रबराचा तुकडा मध्ये घाल, नाहीतर नवाही वर्षभरात तिथेच कापेल. गाडी बरेच दिवस कमी हवेवर चाललीय, म्हणजे काजळी जास्त झालीय. इनटेकचा सेन्सर काढून सेन्सर क्लीनरने धू, ब्रशने घासू नको. एअर फिल्टर झटकून चालणार नाही, नवा घाल, आपल्याकडची तांबडी धूळ झटकून जात नाही. इंजिन ऑइल कधी बदललं माहीत नसेल तर आत्ताच बदल, आणि घाट चढून वर पोचलास की भज्यांच्या आधी मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेव, टर्बो थंड होऊ दे.

आणि नव्या पाइपाचे दोन्ही क्लँप चार-पाच दिवसांनी पुन्हा आवळ. रबर गरम होऊन बसतं, तेव्हा ते ढिले पडतात. गाडी थंड असताना आवळ, आणि दात तुटेपर्यंत नको.